परसदारी येणारे मांस

माझ्या लहानपणची एक आठवण सांगून आजच्या विषयास आरंभ करतो. आमचे घर बीदर जिल्ह्यातील एका लहानशा गावी होते. घरात मराठी, बाजारात कानडी आणि कचेरीत जी चालेल ती, अशी आमच्या सीमाभागाची रीत आपणांस ठाऊकच आहे. एका वर्षी नाताळच्या आधीच्या आठवड्यात तिन्हीसांजेच्या सुमारास एक मनुष्य खांद्यावर पोते टाकून आमच्या परसदारी आला. पुढच्या दाराने तो येत नसे. त्याने पोते उघडले, तेव्हा त्यात दोन ससे होते. वडिलांनी भाव केला, दोन्ही ससे घेतले आणि दार लावून टाकले. मागच्या पडवीत कंदिलाच्या उजेडात ते सोलले गेले. मी त्यांचे पाय धरून बसलो होतो. दुपारी बोरे काढताना माझ्या बोटाला काटा लागला होता आणि त्या बोटावर अजून ओले रक्त होते. ते ससे कोठे सापडले, केव्हा मेले, कशाने मेले, हे कोणी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सर्वांनी पोटभर जेवण केले.

पुढे काय झाले, असे आपण विचाराल. काहीही झाले नाही. कोणाला साधा तापही आला नाही. आज रानातील प्राण्यांच्या मांसाविषयी मी कोणाशी बोलू लागलो की मला हेच उत्तर मिळते : "आम्ही इतकी वर्षे खातो, काही झाले नाही." त्या उत्तराला हसण्याचा अधिकार मला नाही, कारण तीस वर्षे मीही तेच म्हणत आलो. परंतु शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला एवढे तरी कळावयास हवे की, डोळे झाकून रस्ता ओलांडणारा मनुष्य नव्व्याण्णव वेळा पलीकडे सुखरूप पोहोचला, म्हणून डोळे झाकून चालणे निर्धोक ठरत नाही.

आपला हा बीदर-कलबुर्गीचा प्रदेश बाहेरच्या माणसाला उजाड माळ वाटतो. वस्तुतः तो रिकामा नाही. बीदरच्या जांभ्या दगडाच्या पठारावर आणि भोवतालच्या काळ्या रानांत काळविटांचे कळप आहेत. कानडीत त्यांना कृष्णमृग म्हणतात. कलबुर्गी जिल्ह्यातील चिंचोळीचे अरण्य २०११ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३५ चौरस किलोमीटर आहे. दक्षिणेतील कोरड्या प्रदेशाचे ते वैशिष्ट्यपूर्ण वन होय. तेथे लांडगा, तरस, कोल्हा व चौशिंगा यांची वस्ती आहे. तुरीच्या आणि ज्वारीच्या शेतांत रानडुकरे शिरतात. बांधाबांधाला ससे, तितर, लावे आणि घोरपडी आहेत. मांजरा नदीच्या काठी व कारंजा धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात.

या सर्वांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आहे. काळवीट आणि घोरपड त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. अशा प्राण्याची शिकार करणाऱ्यास अथवा त्याचे मांस जवळ बाळगणाऱ्यास कमीत कमी तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे तुरुंगवासाची शिक्षा आहे, दंड वेगळाच. कायद्याची कलमे सांगण्यासाठी मात्र मी येथे आलेलो नाही. माझा मुद्दा निराळा आहे. जे मांस कायद्याने बंद आहे ते चोरून आणावे लागते, आणि जे चोरून आणले जाते त्यावर कोणाचीच नजर पडत नाही. रोगाला हवी असते ती हीच आडवाट.

थोडा विचार करून पाहा. नगरपालिकेच्या कत्तलखान्यात जनावर कापण्यापूर्वी पशुवैद्याने त्याला तपासावे आणि कापल्यानंतर त्याचे यकृत, फुप्फुसे व गाठी पाहून मगच मांस विक्रीस सोडावे, असा नियम आहे. खेड्यापाड्यांतील प्रत्येक दुकानात हा नियम काटेकोर पाळला जातो असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तथापि तेथेसुद्धा एक साधी तपासणी आपोआप होतेच. रविवारी सकाळी बोकड दुकानासमोर चार पायांवर उभा असतो. तो चरतो, ओरडतो, हे येणारेजाणारे पाहतात. मान टाकून पडलेला बोकड कोणी कापू लागला तर गिऱ्हाईकच त्याला जाब विचारील. पोत्यातून आलेल्या सशाला कोणी उभा पाहिलेला नसतो. त्याला वाघर लावून धरले, कुत्र्यांनी मारले, की तो बांधावर मरून पडलेला मिळाला, हे विकणारा सांगेल तेच खरे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. धडधाकट प्राणी सहजासहजी हाती लागत नाही. काळविटाचा वेग आपण सर्वांनी पाहिला आहे. जो प्राणी माणसाला जवळ येऊ देतो, ज्याला पळवत नाही, जो पाण्याकाठी पडून असतो, तो बहुधा आजारी असतो. म्हणजे आयते सापडलेले जे जनावर शिकाऱ्याला नशिबाची गोष्ट वाटते, तेच जनावर सर्वांत अधिक संशयास्पद असते. शिवाय कित्येकदा पाखरे मारण्यासाठी दाण्यांत कीटकनाशक मिसळतात. ते विष पाखरासकट ताटात येते, आणि शिजवल्याने ते जाईलच असा भरवसा नसतो.

आता रोगांकडे वळू. आपला समज असा असतो की, मांसाचा धोका खाणाऱ्याला आहे आणि मांस नीट शिजवले की धोका संपला. यात थोडे सत्य आहे, पण सगळे सत्य नाही. ताटात येण्यापूर्वी ते मांस अनेकांच्या हातांतून गेलेले असते. कोणी ते उचलले, कोणी सोलले, कोणी आतडी काढली, कोणी तुकडे केले, कोणी पाट धुतला. चूल पेटण्यापूर्वीच ही सर्व कामे होतात. रक्त ओले असते आणि कष्टकऱ्याच्या हातावर कापल्याखरचटल्याच्या खुणा नाहीत असा दिवस नसतो. म्हणून या मांसाचा पहिला धोका तोंडाला नसून हाताला आहे. खाणारा साहेब मोटारीत बसून निघून जातो, आणि कापणारे पोर मागे राहते.

यांतील सर्वांत जुना रोग म्हणजे काळपुळी. गुरांना झाला म्हणजे आपले शेतकरी त्याला फाशी म्हणतात. गाई, म्हशी, शेळ्यामेंढ्या आणि हरणे अशा चरणाऱ्या सर्वच प्राण्यांना तो होतो. या रोगाचा जीवाणू १८७६ साली रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टराने अभ्यासून दाखवला आणि अमुक जंतूपासून अमुक रोग होतो हे प्रथमच निर्विवाद सिद्ध झाले. या जीवाणूचा गुण विलक्षण आहे. मेलेले जनावर उघडले आणि त्याच्या रक्ताला हवा लागली की तो स्वतःभोवती कठीण कवच घेऊन बीजाणूचे रूप धारण करतो. ते बीजाणू मातीत वर्षानुवर्षे, किंबहुना कित्येक दशके टिकतात. चुन्याचा अंश असलेली माती त्यांना अधिक मानवते. म्हणूनच फाशीने मेलेले जनावर कापू नये, सोलू नये, उघडू नये, तसेच खोल पुरावे किंवा जाळावे, असे पशुवैद्य सांगतात. जनावर एकाएकी मेले आणि त्याच्या नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त आले, तर हा संशय घ्यावा. माणसाच्या हातावर त्याची सुरुवात साध्या खाजणाऱ्या पुळीने होते. ती दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. पुढे सभोवार सूज येते व मध्यभागी काळी खपली धरते. वेळेवर औषध मिळाले तर रोगी बरा होतो. उशीर झाला तर जंतू रक्तात पसरतात. ओडिशातील कोरापुट जिल्ह्यात मेलेली गुरे कापल्याने व खाल्ल्याने माणसांना काळपुळी झाल्याचे प्रकार वारंवार घडले आहेत. तेथे अज्ञानाइतकेच दारिद्र्यही कारण आहे, हे विसरून चालणार नाही.

दुसरा रोग अधिक कपटी आहे. त्याचे शास्त्रीय नाव ब्रुसेलोसिस. १८८७ साली माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टराने त्याचे जंतू शोधले, म्हणून त्याला माल्टाताप असेही म्हणत. गुरांत तो सांसर्गिक गर्भपात म्हणून ओळखला जातो आणि आपल्या गाईम्हशींत व शेळ्यामेंढ्यांत तो आहेच. एकाच माळावर आपली गुरे आणि रानातील हरणे चरतात, एकाच डोहावर पाणी पितात, तेव्हा रोग इकडून तिकडे जाऊ शकतो. मी मुद्दाम "इकडून तिकडे" म्हणतो, कारण रानचे प्राणी घाणेरडे आणि आपले स्वच्छ असा भेद येथे नाही. पुष्कळदा रोग आपल्याच गोठ्यातून रानात गेलेला असतो.

या रोगाविषयी मी जरा अधिक बोलतो, त्याला कारण आहे. माझा एक जुना विद्यार्थी दहावीनंतर शाळा सोडून महामार्गावरील एका धाब्यावर कामास लागला. दिवसा भांडी, रात्री कापाकापी. चार-सहा महिन्यांनी त्याला ताप येऊ लागला. सायंकाळी ताप चढे, रात्री घामाने अंथरूण भिजे, सकाळी तो बरा दिसे. कंबर आणि गुडघे धरत. टायफॉईड समजून औषध झाले, मलेरिया समजून झाले, पुन्हा टायफॉईड समजून झाले. ताप जाई आणि परत येई. आईने गळ्यातील मणी गहाण ठेवले. शेवटी एका समजूतदार डॉक्टरांनी त्याला विचारले, "घरी गुरे आहेत का? मांस कापण्याचे काम करतोस का?" त्याने दोन्हींना नाही म्हटले.

मी त्याला भेटावयास गेलो, तेव्हा तो दाराकडे पाहत हळू आवाजात म्हणाला, "सर, रात्री पोती येतात. ससे असतात, कधी हरीण असतं. मीच सोलतो. खरं सांगितलं तर मला धरून नेतील की." त्याच संध्याकाळी मी त्याला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि रक्ताची निराळी तपासणी करवली. ब्रुसेलोसिस निघाला. दोन औषधे सहा आठवडे, एकही दिवस न चुकवता घ्यावी लागली. मुलगा बरा झाला. तथापि त्याचे जवळजवळ एक वर्ष गेले आणि कंबरेचे दुखणे अजून अधूनमधून उठते. रोग हरणापासून आला की धाब्यावरच्या बोकडापासून, हे सांगता येणार नाही असे डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले. मला त्यातून जे शिकावयाचे होते ते मी शिकलो. त्याला आजारी पाडले जंतूंनी, परंतु इतके महिने आजारी ठेवले ते गुपिताने.

श्रोतेहो, आजच्या बोलण्याचा गाभा मी हाच मानतो. तापाची शेकडो कारणे असतात. त्यांतून एक निवडण्यासाठी डॉक्टराला रोग्याच्या तोंडून चार खरे शब्द हवे असतात. ज्याला कायद्याची भीती आहे तो ते शब्द बोलत नाही. मग चुकीचे औषध, वाया गेलेले दिवस, आणि रोग संसर्गजन्य असेल तर घरच्या मंडळींना व इस्पितळातील माणसांनाही धोका.

या शेवटच्या गोष्टीचे एक दुःखद उदाहरण देतो. २०११ च्या जानेवारीत गुजरातमध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील एक स्त्री तापाने व रक्तस्रावाने दगावली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही त्याच रोगाने मरण पावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासणी केली, तेव्हा तो क्रिमियन काँगो ताप निघाला. भारतात हा रोग माणसांत प्रथमच ओळखला गेला होता. त्या स्त्रीचा रानमांसाशी काही संबंध होता असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. सांगावयाचे आहे ते एवढेच की, रोगाची चाहूल नसताना शुश्रूषा करणाऱ्यांनी आपले प्राण गमावले. हा रोग गोचिडींमार्फत पसरतो, तसाच रोगी जनावराच्या ताज्या रक्तामांसाच्या स्पर्शानेही होतो. गुरे, शेळ्यामेंढ्या आणि ससे यांच्या अंगावर या जातीच्या गोचिडी राहतात. जनावर मेले आणि थंड पडू लागले की गोचीड ते अंग सोडून दुसरे ऊबदार अंग शोधते. मेलेल्या सशाचे पोते खांद्यावर टाकणाऱ्याचे अंग तिला आयतेच मिळते.

गोचिडींची गोष्ट निघाली म्हणून माकडतापाचाही उल्लेख करतो. १९५७ साली आपल्याच राज्यातील, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील, शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तो विषाणू शोधून काढला. कित्येक वर्षे हा रोग त्या टापूपुरता मानला जात होता. पुढे २०१५ साली तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात दिसला. आपल्या कोरड्या माळावर त्याची भीती नाही, कारण तो दाट पावसाच्या रानांतील रोग आहे. परंतु मेलेले माकड दिसले की हात न लावता खबर द्यावी, हा तेथील गावकऱ्यांनी शिकलेला धडा आपल्यालाही उपयोगी आहे.

रानडुकराच्या मांसाविषयी दोन शब्द. त्याच्या स्नायूंत ट्रिकिनेला नावाच्या सूक्ष्म कृमीच्या अळ्या असू शकतात. अर्धवट भाजलेले मांस खाल्ले की त्या पोटात जातात. प्रथम पोट बिघडते, नंतर पापण्या सुजतात आणि अंगाचे स्नायू दुखू लागतात. मांस खारवले, वाळवले किंवा धुरावर धरले म्हणजे अळ्या मरतात, हा समज चुकीचा आहे. आगटीवर वरून काळे आणि आतून लाल राहिलेले मांस आवडीने खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता पाखरांकडे या. कित्येकांना वाटते, हरीण मारणे हा मोठा गुन्हा खरा, पण चार तितर किंवा दोन रानबदके यांत काय विशेष? २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला. भारतातील ती पहिली साथ होती. तेव्हा नवापूर आपल्याला फार दूर वाटले. मग २०२५ चा जानेवारी उजाडला आणि उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. पन्नासच्या आसपास कावळे मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेने कारण सांगितले : बर्ड फ्लू. १९५६ पूर्वी उदगीर बीदर जिल्ह्यातच होते. आजही आपल्या कित्येकांच्या लेकीबाळी तेथे नांदतात. रोग आता दूर राहिला नव्हता, तो सोयऱ्याच्या अंगणात उतरला होता. त्याच सुमारास, म्हणजे २०२४ च्या अखेरीस, नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने मेले. पाखरांचा रोग मांस खाणाऱ्या मोठ्या जनावरांपर्यंत कसा जातो, हे त्यावरून दिसते. पाण्यावरची रानपाखरे या विषाणूचे वाहक असू शकतात, आणि कित्येकदा स्वतः फारशी आजारी न दिसता. रात्री फासे लावून धरलेले बदक सोलणाऱ्याला हे कसे कळावे? आणि त्याच घरामागे दहा कोंबड्या असल्या तर त्यांचे काय?

वटवाघळांविषयीही असेच. त्यांचे मांस दम्यावर गुणकारी असते असा समज काही ठिकाणी आहे. त्यास वैद्यकशास्त्राचा आधार नाही. उलट निपाह या अत्यंत घातक विषाणूचे मूळ घर फळे खाणारी वटवाघळे हेच होय. २०१८ साली केरळातील कोळिकोड भागात निपाहने सतराजणांचा बळी घेतला. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळे तपासली आणि त्यांतही या विषाणूच्या खुणा आढळल्याचे पुढील वर्षी प्रसिद्ध झाले. येथे कोणी असे समजू नये की वटवाघळे मारून टाकावीत. ती पिकांवरचे किडे खातात, फुलांचे परागण करतात. चिंच-वडाच्या झाडावर ती उलटी टांगलेली असतात तोवर त्यांच्यापासून आपणांस फारसे भय नाही. भय आहे ते त्यांना खाली ओढून सोलण्यात.

जगाच्या इतर भागांतही हाच अनुभव आला आहे. १९९६ साली आफ्रिकेतील गॅबन देशात एका खेड्यातील लोकांना रानात मेलेला चिंपांझी सापडला. त्यांनी तो गावात आणून कापला. ज्यांनी तो उचलला, सोलला व कापला ते आधी इबोलाने आजारी पडले. नंतर त्यांची शुश्रूषा करणारे घरचे लोक आजारी पडले. एकूण एकवीस माणसे गेली. २००२-०३ साली चीनच्या दक्षिण भागात सार्स रोग पसरला, तेव्हा बाजारात विकली जाणारी जिवंत उदमांजरे संशयाच्या घेऱ्यात आली. एड्सचा विषाणूदेखील मुळात आफ्रिकेतील चिंपांझींचा होता. विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास, बहुधा शिकार कापताना रक्ताच्या स्पर्शाने, तो माणसात शिरला असे शास्त्रज्ञांचे मत आहे. त्या पहिल्या शिकाऱ्याचे नाव कोणास ठाऊक नाही. त्यालाही बहुधा वाटले असेल की, काही झाले नाही.

एवढे ऐकल्यावर आपल्यातील कित्येकांचे बोट कोणाकडे वळेल ते मला माहीत आहे. रानावनात फासे लावून पोट भरणाऱ्या जमातींकडे. त्यांच्यावर इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा लादला आणि तो शिक्का स्वतंत्र भारतात १९५२ साली कायद्याने पुसला गेला. मनातून मात्र तो अजून पुसला गेलेला नाही. पोते घेऊन येणारा माणूस गरीब असतो. पण पोते घेऊन येण्यास सांगणारा, भाव ठरवणारा, पाहुण्यांपुढे "आज खास रानचं आहे" असे मिरवणारा गरीब नसतो. मागणी बंद झाली तर पोते येणार नाही. फासे लावणाऱ्याला दुसरा रोजगार देणे हे सरकारचे व समाजाचे काम आहे. विकत न घेणे हे मात्र आपले एकट्याचे काम आहे आणि ते आजपासून करता येते.

शेतकरी बंधूंचे गाऱ्हाणेही खरे आहे. उगवती तूर काळविटांनी खुडली आणि भुईमूग रानडुकरांनी उकरला म्हणजे रात्रंदिवस राबलेल्या माणसाला काय वाटते ते शहरात बसून कळत नाही. त्यासाठी नुकसानीचा अर्ज वनखात्याकडे करावा आणि त्याचा पाठपुरावा करावा. गावाने मिळून केला तर अधिक बरे. जनावर मारून ते कापावयास कोणाला देणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण त्यात पीक तर परत येत नाहीच, वर घरात रोग येण्याची वाट मोकळी होते.

शेवटी चार साध्या सूचना सांगून मी आपली रजा घेईन. पहिली, रानातील प्राण्याचे मांस विकत घेऊ नये आणि पाहुणचार म्हणून आले तरी नम्रपणे नाकारावे. दुसरी, रानात वा रस्त्यावर मेलेला प्राणी अथवा पक्षी दिसला तर त्यास हात लावू नये, मुलांना व कुत्र्यांना दूर ठेवावे, आणि वनखात्याच्या माणसास किंवा जवळच्या पशुवैद्यास कळवावे. अनेक पक्षी एकदम मेलेले दिसले तर घटकाभरही थांबू नये. तिसरी, चुकून रक्ताचा स्पर्श झालाच तर साबण व भरपूर पाणी घेऊन हात धुवावेत, अंगावरील गोचिडी पाहाव्यात, आणि पुढे दोन-तीन आठवडे, किंबहुना काही महिनेही, ताप, काळी खपली धरणारी पुळी किंवा रात्रीचा घाम यांकडे दुर्लक्ष करू नये.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. डॉक्टराकडे गेल्यावर खरे सांगा. काय कापले, काय खाल्ले, केव्हा, हे चार वाक्यांत सांगा. तुमच्यापुढे बसलेला डॉक्टर हा फौजदार नाही. तो तुमच्या अपराधाचा नव्हे, तुमच्या तापाचा शोध घेत असतो. आणि डॉक्टर मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे : रोग्याला हा प्रश्न विचारताना आवाज जरा खाली आणा, आणि आईबापांना क्षणभर बाहेर बसवा. माझा तो विद्यार्थी खोटे बोलला नव्हता, तो घाबरला होता.

आमच्या त्या जुन्या घराची मागची पडवी अजून आहे. मध्यंतरी तेथे गेलो होतो, तेव्हा माझ्या पुतण्याने मला विचारले, "काका, तुम्ही लहानपणी ससा खाल्ला होता म्हणे, खरं का?" मी म्हणालो, "खरं आहे." त्याने विचारले, "मग काही झालं नाही?" मी त्याला माझे बोट दाखवले, काट्याची ती जुनी खूण दाखवली, आणि त्या रात्री आम्ही जे प्रश्न विचारले नव्हते ते एकेक करून त्याला सांगितले. ससा कोठे सापडला? केव्हा मेला? कशाने मेला? ज्या मांसाविषयी या तीन प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत, ते मांस घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नये, मग ते पुढच्या दाराने येवो की मागच्या.